गाडी लावायची कुठे? किनाऱ्यावरच्या गावाचा पार्किंगचा हिशेब

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावची वस्तीची एसटी गावापर्यंत येत नाही. फाट्यावरच थांबते. कंडक्टर सांगतो, "पुढे गाडी जायची नाही, इथेच उतरून घ्या." मग तालुक्याच्या दवाखान्यातून परत आलेली म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका असे सगळे अंधारात दीड किलोमीटर चालत येतात. एका बाजूला दगडी कुंपणाचा गडगा, दुसऱ्या बाजूला ओळीने उभ्या केलेल्या गाड्या, आणि मधल्या फटीतून ही माणसं. त्या गाड्यांतून आलेले लोक काही वाईट नसतात. त्यांतले बरेचसे आमच्याच घरी जेवायला आलेले असतात. गाडी कुठे लावायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून जागा दिसेल तिथे ते लावतात. "दादा, पाचच मिनिटं," असं म्हणून समुद्रावर गेलेला माणूस तीन तासांनी परत येतो, यातही त्याचा फार दोष नाही. समुद्रावर पाच मिनिटांसाठी कोणीच जात नाही.

गावात हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "जागाच नाही हो आपल्याकडे." कोकणात दापोलीच्या मुरूड-कर्द्यापासून गुहागर, गणपतीपुळे, मालवण-तारकर्लीपर्यंत हेच ऐकू येतं. जागा कमी आहे हे खरंच आहे. पण आहे त्या जागेची पाळी कुणी लावलेली नाही, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं.

बागायतीला पाटाचं पाणी कसं देतात ते आपल्याला ठाऊक आहे. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घातला की कुणाच्या बागेला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी, हे ठरलेलं असतं. पाणी तेवढंच असतं, तरी सगळ्यांच्या माड-पोफळी जगतात. पाटाच्या तोंडाशी बाग असलेल्याने दिवसभर पाणी धरून ठेवलं तर खालच्या बागा वाळतात. गाडीच्या जागेकडे याच नजरेने बघितलं की बऱ्याच गोष्टी सुटसुटीत होतात.

एका जागेत किती गाड्या मावतात?

आधी माप. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी आत यायला, वळायला आणि बाहेर पडायलाही जागा हवी. ती धरून उघड्या मैदानात एका मोटारीमागे २३ चौरस मीटर धरायचे, असा नगररचनेतला रूढ हिशेब आहे. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एका गुंठ्यात चार गाड्या, आणि एकरात पावणेदोनशेच्या आत. दोरी न आखता वाटेल तशा गाड्या लावल्या तर तेवढ्याही मावत नाहीत आणि मधली गाडी अडकून बसते ती वेगळीच.

हे माप हातात आलं की गाव लगेच गुणाकार करतं. चारशे गाड्या येतात, म्हणजे शंभर गुंठे हवेत, म्हणजे अडीच एकर, आणि समुद्राला लागून अडीच एकर कोण देणार? इथेच विषय संपतो आणि पुढच्या वर्षी तेच घडतं. चूक अशी की चारशे गाड्या एकाच वेळी उभ्या नसतात. एक जागा दिवसातून किती जणांच्या उपयोगी पडते, तो आकडा धरायला हवा.

समजा, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला ४० गाड्यांची जागा आहे. दिवसापुरता आलेला पर्यटक सरासरी तीन तास थांबतो असं धरू. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हे नऊ तास. म्हणजे प्रत्येक जागेवर तीन गाड्या, आणि ४० जागांत दिवसभरात १२० गाड्यांची सोय.

आता खरं चित्र बघा. त्या ४० पैकी १० जागांवर रात्रीच्या मुक्कामाच्या पाहुण्यांच्या गाड्या आहेत, कारण त्यांच्या होमस्टेला अंगण नाही. ८ जागांवर टपरीवाल्यांच्या आणि बोटिंगवाल्यांच्या गाड्या सकाळपासून उभ्या आहेत. आणखी ६ आपल्याच वाडीतल्या लोकांच्या. या २४ गाड्या दिवसभर हलत नाहीत. उरलेल्या १६ जागांत तीन-तीन गाड्या धरल्या तर ४८ गाड्यांची सोय होते. २४ गाड्यांनी ७२ गाड्यांची जागा अडवली.

या २४ गाड्या दहा मिनिटांच्या चालीवर, गावाच्या मागच्या अंगाला लावल्या, तर समुद्रालगत सहा गुंठे नवी जमीन मिळाल्यासारखं होतं. एक फावडं न मारता. मागे जागा लागेल हे खरं, पण मागची जागा मिळते. समुद्राजवळची मिळत नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध याच गोष्टीला होतो आणि तो मला समजतो. आपल्याच गावात आपली गाडी लांब लावायची, हे मनाला लागतं. पण टपरीवाल्याच्या दोन गाड्या ज्या जागेत दिवसभर उभ्या आहेत, त्याच जागेत सहा कुटुंबं आली असती. त्यांनी त्याच्याचकडे नारळपाणी प्यायलं असतं.

अपवाद मासळीचा. हर्णैसारख्या बंदरावर लिलावाच्या वेळी बर्फाचे आणि मासळीचे टेंपो धक्क्याजवळ यायलाच हवेत. त्यांच्या वेळात ती जागा मोकळी ठेवायची, हे बाकी सगळ्याच्या आधी ठरवावं. पर्यटन आलं म्हणून मच्छीमाराला मागे सरकायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही. दिव्यांग आणि वृद्धांसाठीही वाळूच्या अगदी जवळ दोन-चार जागा राखायला हव्यात. चाकाची खुर्ची काढता यावी म्हणून त्या रुंद, साधारण ३.६ मीटरच्या असाव्यात. बाकीच्यांना गाडी आत न लावता माणसं आणि सामान उतरवून मागे जाता येईल अशी छोटी उतरण्याची जागा असली तरी अर्धं भांडण मिटतं.

रस्त्याची रुंदी

आपले समुद्राकडे उतरणारे बहुतेक रस्ते एका पदरी आहेत. एकपदरी डांबरी रस्त्याची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर, आणि जुन्या वाड्यांत गडग्यांच्या मधे तेवढीही मिळत नाही. कडेला एक मोटार उभी केली की गडग्यापासूनचं अंतर धरून दोन मीटर गेले. उरले पावणेदोन. मोटारीला जेमतेम वाट. एसटीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते, ती अडली. १०८ ची रुग्णवाहिका अडली. अग्निशमनाचा बंब तर नाहीच. अशा रस्त्यावर एकाही बाजूला, एकही गाडी, पाच मिनिटांसाठीही नको, हा नियम यातूनच निघतो.

साडेपाच मीटरच्या रस्त्यावर एका बाजूला गाड्या लावू दिल्या तर साडेतीन मीटर उरतात, म्हणजे वाहतूक एकाच दिशेने चालू शकते. ज्या गावाला समुद्राकडे जायला दोन वाटा आहेत त्यांनी एक जाण्याची आणि एक येण्याची केली तर बराच श्वास मिळतो.

रस्ता रुंद करणं हा उपाय दर ग्रामसभेत पुढे येतो. त्यासाठी गडगे मागे घ्यायचे, माड तोडायचे. पण नियम नसेल तर रुंद केलेली पट्टी वाहतुकीच्या उपयोगी पडत नाही, तिथे गाड्यांची आणखी एक रांग उभी राहते. माड गेले ते गेले.

आपल्या रस्त्यांची आणखी एक अडचण शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. आपला रस्ता समुद्राला जाऊन संपतो. शहरात जागा मिळाली नाही की गाडी पुढच्या गल्लीत जाते. इथे ती शेवटपर्यंत येते, जागा नाही हे बघते, तिथेच वळायचा प्रयत्न करते आणि त्याच अरुंद रस्त्याने समोरून येणाऱ्यांच्या तोंडावर परत जाते. म्हणजे ज्याला जागा मिळाली नाही तोही रस्ता दोनदा वापरतो. कोंडीत अडकलेल्या गाड्यांत अशा रिकाम्या हेलपाट्यांच्या गाड्या पुष्कळ असतात.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय फाट्यावर आहे. समुद्राजवळची जागा भरली की फाट्यावरच्या मुलाला फोन जायला हवा आणि त्याने फलक फिरवायला हवा: "समुद्राजवळ जागा नाही. गाडी इथे लावा." दोन मुलं, दोन फोन आणि एक दोन्ही बाजूंनी रंगवलेला पत्रा, एवढाच त्याचा खर्च. गाडी एकदा उतारावरून खाली गेली की पुढे काही करता येत नाही.

पैसे घ्यावेत का?

घ्यावेत, असं माझं मत आहे. पण कसे घ्यायचे यावर सगळं अवलंबून आहे.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. पार्किंग या एकाच विषयावर त्यांनी अनेक दशकं काम केलं. २०२५ मध्ये ते वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्याकडेची जागा फुकट ठेवली की ती पहिला आलेला धरून ठेवतो, मग बाकीचे शोधत फिरतात, आणि त्या फिरण्याचा त्रास गाडी नसलेल्या माणसालाही भोगावा लागतो. म्हणून दर असा असावा की शंभरातल्या साधारण ८५ जागा भरलेल्या राहतील आणि थोड्या नेहमी मोकळ्या. सात-आठ गाड्यांमागे एक जागा रिकामी दिसली की दर बरोबर. सगळ्या भरल्या तर दर कमी पडतोय, अर्ध्या रिकाम्या तर जास्त होतोय.

आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा बसवायची गरज नाही. त्यातलं तत्त्व घ्यावं: जवळची जागा महाग, लांबची स्वस्त किंवा फुकट. समजा, समुद्राजवळ तासाला ३० रुपये आणि फाट्याजवळ दिवसभराचे ५०. मग ज्याला फक्त सूर्यास्त बघायचा आहे तो जवळ लावतो आणि तासाभरात निघतो. दिवसभर राहायला आलेला आपण होऊन फाट्याशी थांबतो. कुणाला ओरडावं लागत नाही.

आपण सहसा उलटं करतो. जवळच्या जागेला दिवसाचे एकरकमी पैसे घेतो. दिवसाचे पैसे दिलेला माणूस दिवसभर राहणारच. मग तीच जागा तीन जणांऐवजी एकालाच मिळते आणि गावाचं उत्पन्नही एकाचंच राहतं. दर तासावर ठेवला तर पाळी आपोआप लागते. हे बारकं वाटतं, पण मला या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच वाटते.

पैसे घ्यायचे तर ते कुठे जातात हे दिसायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावाच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसवायचं ठरलं तेव्हा दुकानदारांचा विरोध होता. मीटरचा पैसा त्याच रस्त्यांवर खर्च होईल असं ठरल्यावर तो मावळला. त्या पैशातून पदपथ, दिवे, झाडं, स्वच्छता झाली आणि बाजार सुधारला. आपल्याकडे याचा अर्थ सोपा आहे. पार्किंगच्या पैशातून आधी किनाऱ्यावरचं स्वच्छतागृह, मग फाट्यापासूनच्या वाटेवरचे दिवे, मग कचरा उचलणारी गाडी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला जमा किती आणि खर्च किती हे लिहिलं की गावकरी पैसे घेणाऱ्या पोरांच्या पाठीशी उभे राहतात. शौचालय बंद आणि पावती चालू असेल तर पर्यटकही भांडतो, आणि त्याचं भांडण रास्त असतं.

आता ठेक्याबद्दल, कारण बहुतेक गावं इथेच फसतात. लिलाव होतो, सगळ्यात मोठी बोली बोलणाऱ्याला मैदान मिळतं. ग्रामपंचायतीला एकरकमी पैसे मिळाल्याने ती निश्चिंत होते. पण ठेकेदाराला बोलीची रक्कम वसूल करून वर कमवायचं असतं. प्रत्येक जादा गाडी म्हणजे त्याचा नफा, म्हणून ४० च्या जागेत तो ६० कोंबतो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचीही पावती फाडतो. ज्याचं उत्पन्न गर्दीवर आहे त्याच्याकडून गर्दी आवरण्याची अपेक्षा कशी धरायची? त्यापेक्षा बचत गटाला किंवा गावातल्या तरुणांना ठरलेल्या रोजावर काम द्यावं. क्रमांक घातलेली पावतीपुस्तकं ग्रामपंचायतीची असावीत, क्यूआर कोड थेट ग्रामपंचायतीच्या खात्याचा असावा, आणि रस्ता मोकळा राहिला तर वर बक्षीस. ठेकाच द्यायचा असेल तर जास्तीत जास्त गाड्या किती आणि रस्त्यावरची पावती सापडली तर दंड किती, हे करारात लिहून घ्यावं.

अधिकार कुणाचा?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे घोटाळा झाला तर बाकी सगळं वाया जातं.

आपल्या किनाऱ्याचे मालक अनेक आहेत. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जोडरस्ता जिल्हा परिषदेचा, वाडीतली वाट ग्रामपंचायतीची. जेटी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ आलं. सुरूचं बन कुठे वन विभागाकडे असतं. देवळासमोरचं पटांगण देवस्थानचं. उरलेली जमीन खाजगी. म्हणून पहिलं काम म्हणजे तलाठ्याकडचा नकाशा घेऊन कुठला तुकडा कुणाचा हे रंगाने भरणं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे सार्वजनिक जागी गाड्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाचा आहे, आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा आहे. कलम १२२ म्हणतं की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी गाडी सोडून जाऊ नये. कलम १२७ मध्ये मनाई असलेल्या जागेवरची गाडी उचलून नेण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास १५०० रुपयांपर्यंत आहे.

यातून गावासाठी निघणारा अर्थ असा. दंड पोलिसांनी करायचा. गावातल्या मुलांनी कुणाच्या टायरची हवा सोडणं किंवा साखळी घालून पैसे मागणं हे बेकायदेशीर आहे, आणि एकदा मारामारी झाली की गावाचंच नाव खराब होतं. ग्रामपंचायतीने घ्यायची ती फी, म्हणजे दिलेल्या जागेचा आणि सेवेचा मोबदला. ग्रामपंचायतीला कोणते कर आणि फी बसवता येतात याची यादी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम १२४ मध्ये आहे. ग्रामसभेचा ठराव करून, गटविकास अधिकाऱ्यांकडून नीट समजून घेऊन, आपल्या ताब्यातल्या जागेवर ती बसवावी. सरकारी रस्त्यावर आडवी दोरी बांधून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून पैसे घेणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तिला वेगळा अधिकार लागतो.

आणि "नो पार्किंग"चा फलक गावाने स्वतः रंगवून लावला तर त्याला कायद्याचं बळ नसतं. तो रीतसर मंजूर करून घेतला तरच पोलिसांना त्यावर कारवाई करता येते. हंगामाच्या दोन महिने आधी अर्ज द्यावा. गर्दी झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

जमीन कोणती वापरायची?

इथे कोकणाला एक वरदान आहे आणि आपण ते वापरत नाही. आपली भातखाचरं दिवाळीच्या सुमाराला कापून मोकळी होतात आणि बरीचशी पुढच्या पावसापर्यंत पडून असतात. पर्यटकांची गर्दी नेमकी त्याच काळात, डिसेंबर आणि मे महिन्यात असते. जून ते सप्टेंबर भात उभं असतं तेव्हा समुद्रही खवळलेला असतो आणि माणसं कमी येतात. जमिनीचं पंचांग आणि पर्यटनाचं पंचांग एकमेकांत बसतात. कुळीथ-पावटा पेरलेली खाचरं सोडून, फाट्याजवळची पाच-सहा खाचरं गर्दीच्या मोजक्या दिवसांसाठी शेतकऱ्याकडून भाड्याने घेता येतात. शेतजमिनीचा वेगळा वापर म्हणून तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावं. एक गोष्ट मात्र विसरू नये: पेंढा आणि सुकलेलं गवत आधी साफ करायचं. तासन्‌तास चाललेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो, त्याने गवत पेटतं आणि वाऱ्याच्या दिवसांत वणवा आवरत नाही. बांध फोडू नयेत, उतरायला मुरूम टाकून नंतर तो काढून घ्यावा.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जागा भरपूर दिसते. कातळ टणक, चिखल नाही, मोठ्या बससाठी सोयीचा. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे ही त्यांतली माहीत असलेली नावं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. अजून नोंद न झालेलीही असू शकतात. म्हणून सड्यावर गाड्या नेण्याआधी जाणत्या माणसाला बरोबर घेऊन कातळ पायी फिरून बघावा.

किनाऱ्याला लागून पक्कं पार्किंग बांधायचं स्वप्न बहुतेक वेळा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत अडतं, आणि मला ते योग्यच वाटतं. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि कमी असेल तर २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा तर सर्वांत कडक संरक्षणात येतात. वाळूच्या टेकडीवर पसरलेली मर्यादवेल वाळू धरून ठेवते. तिच्यावरून रोज पन्नास गाड्या गेल्या की ती मरते आणि पुढच्या पावसात उधाणाचं पाणी बागेपर्यंत येतं. मागे जिथे जागा करू तिथेही सगळीकडे सिमेंट नको. जांभ्याचा चिरा किंवा मुरूम असला तर पाणी जिरतं, आणि आपल्या विहिरी त्या जिरलेल्या पाण्यावरच गोड राहतात.

राहिली वाळू. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते आणि माणूस गाडी खाली घालतो. भरतीची वेळ काढायचा आपल्या वाडवडिलांचा ढोबळ हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट. नवमी असेल तर नवाचे पाऊणपट पावणेसात, म्हणजे पावणेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. नवमीच्या दुपारी तीनला लावलेली गाडी सूर्यास्त बघून परत येईपर्यंत पाण्यात असते. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-सव्वापाचला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असते, किनारा लांबवर उघडा पडतो आणि मोह सगळ्यात जास्त होतो. पण तेव्हाच उधाण असतं. रात्री अकराला येणारं पाणी भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांपेक्षा बरंच वर चढतं. चाकाखालची वाळू लाटेने निसटू लागली की गाडी पोटावर बसते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत खारं पाणी इंजिनात गेलेलं असतं.

वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला २००२ पासून त्यांच्या संरक्षणाचं काम चालू आहे. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ, आणि आपला हंगामही तोच. वाळूत गाडीच्या चाकोऱ्या पडल्या की अंगठ्याएवढी पिल्लं त्यात अडकतात. गाडीचे दिवे बघून ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. म्हणून वाळूवर उतरणारी प्रत्येक वाट मोठे जांभे टाकून बंद करावी. होड्या ओढायची तेवढी मच्छीमारांना विचारून मोकळी ठेवावी.

फाट्यावरून पुढे

गाडी फाट्याशी लावली, आता माणसाने किनाऱ्यापर्यंत जायचं कसं? माथेरान आठवा. तिथे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे माणूस पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने जातो. त्यामुळे माथेरानला जाणं कुणी सोडलेलं नाही. आपल्याकडे सहा आसनी रिक्षा आहेत. पण हिशेब आधी करायला हवा. समजा, फाट्याशी २०० गाड्या, गाडीमागे चार माणसं, म्हणजे ८०० जण. सकाळी ते हळूहळू येतात, काही अडचण नसते. परत मात्र सगळे सूर्य बुडाल्यावर एकदम निघतात. एका रिक्षाची जा-ये बारा मिनिटांची धरली तर ती तासाला पाच फेऱ्यांत ३० माणसं नेते. १५ रिक्षा लावल्या तरी तासाला ४५०. शेवटचा माणूस पावणेदोन तास उभा राहणार, आणि पुढच्या वेळी तो गाडी खालीच घालणार.

त्यातले निम्मे लोक चालत गेले तर सगळे तासाभरात सुटतात. माणूस चालतो, अर्धा-पाऊण किलोमीटर आनंदाने चालतो, पण वाट चालण्यासारखी हवी. दिवसा सावली, रात्री दिवे, पायाखाली खड्डा नको, शेजारून गाडी घासून जायला नको. आपल्याकडे जुन्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा, आहेत, जांभ्याच्या, माडांच्या सावलीतल्या, थेट समुद्राकडे उतरणाऱ्या. त्या साफ करून दिवे लावले तर निम्मे लोक रस्त्यावर येणारच नाहीत. पाखाडीच्या कडेला कोकम सरबत आणि आंबोळ्या विकणाऱ्या बाईचाही धंदा होईल.

एकतीस डिसेंबरच्या गर्दीला पुरेल एवढं पार्किंग बांधावं का, असंही विचारतात. बांधू नये. वर्षातल्या चार-पाच दिवसांसाठी घातलेलं सिमेंट उरलेले तीनशे साठ दिवस तापत पडतं. कायमची व्यवस्था साध्या शनिवार-रविवारच्या गर्दीला पुरेल एवढीच करावी आणि मोठ्या सुट्ट्यांना खाचरं, जादा रिक्षा, जादा माणसं लावावीत. त्या दिवशी तेही भरलं तर फाट्याच्या आधीच्या नाक्यावर, पोलिसांच्या मदतीने, "आज जागा भरली" असं सांगावं लागेल. हे सांगायला जड जातं. पण घाटात चार तास अडकून, मुलांना समुद्र न दाखवता परत जाण्यापेक्षा ते बरं.

सुरुवात मोजणीपासून करावी, कारण प्रत्येक गावाचा आकडा वेगळा असतो. दोन मुलं, दोन वह्या. एक साधा शनिवार आणि एक सुट्टीचा शनिवार निवडावा. समुद्राजवळच्या प्रत्येक जागेवर दर दोन तासांनी फेरी मारायची आणि उभ्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. तोच आकडा तीन-चार फेऱ्यांत दिसला की ती गाडी दिवसभराची. जमलं तर फाट्यावर तिसऱ्याने बसून किती गाड्या खाली गेल्या आणि किती जागा न मिळता लगेच परत आल्या हेही टिपावं. पहिली फेरी मात्र सकाळी सातला मारा. त्या वेळी समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाड्या आपल्या आणि आपल्या घरी उतरलेल्या पाहुण्यांच्याच असतात.